चाकांचा गिअरबॉक्स निवडताना : रेव्हचा अल्ट्राप्लॅनेटरी, आणि त्याच्या शेजारी ठेवून पाहिलेले दोन पर्याय

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेचा नवा खेळ दरवर्षी सप्टेंबरात जाहीर होतो. कोकणात ते गणपतीचे किंवा त्यांच्या आगेमागचे दिवस. शाळा बंद, महामार्ग गाड्यांनी भरलेला, पार्सलं कुठेतरी अडकलेली. नेमक्या याच दिवसांत रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या संघाला चाकांचा गिअरबॉक्स ठरवावा लागतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं. पंजा, लिफ्ट, हात डिसेंबरातही बदलता येतात. चाकांचा रेशो (चाकाच्या एका फेरीला मोटर किती फेरे घेते तो आकडा) चुकला तर रोबो एकतर रांगत राहतो, नाहीतर समोरच्या रोबोला टेकला की सगळी बॅटरी ओढून मान टाकतो.

पुण्या-मुंबईच्या संघाला हवी ती मोटर दोन दिवसांत मिळू शकते. इकडे घाट उतरून पार्सल यायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि वस्तू परदेशातून मागवायची असली तर कस्टम धरून महिना गृहीतच धरावा. त्यामुळे किनाऱ्यावरच्या संघाने गिअरबॉक्सला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : घेतल्यावर याचा रेशो आपल्या टेबलावर, आपल्या पान्यांनी बदलता येईल का? रेव्ह कंपनीच्या अल्ट्राप्लॅनेटरी गिअरबॉक्सला या लेखात जे झुकतं माप मिळालं आहे ते याच प्रश्नावर. ताकदीत तो सगळ्यांत पुढे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका कीटमध्ये एचडी हेक्स मोटर आणि ३:१, ४:१, ५:१ अशी प्रत्येकी एक कार्ट्रिज, म्हणजे गिअरचा एकेक सुटा टप्पा, येते. मोटर ५५० जातीची, ब्रशवाली. १२ व्होल्टला मोकळी फिरताना ६,००० आरपीएम, अडवून धरली तर पीळ (टॉर्क) ०.१०५ न्यूटन-मीटर आणि करंट ८.५ अँपिअर. कार्ट्रिज एकावर एक चढवत एक, दोन किंवा तीन टप्पे करायचे. म्हणजे एका कीटमधून ३, ४, ५, १२, १५, २० आणि ६० एवढे रेशो निघतात. चाकांसाठी यातले १२, १५ आणि २० हेच कामाचे.

पण हे आकडे नावाचे आहेत, खरे नव्हेत, आणि इथेच नवे संघ पहिल्यांदा फसतात. खरे रेशो अपूर्णांकात आहेत : ३:१ म्हणजे ८४/२९ (२.८९), ४:१ म्हणजे ७६/२१ (३.६१), ५:१ म्हणजे ६८/१३ (५.२३). खालचा आकडा मधल्या सन गिअरचे दात. वरच्यातून खालचा वजा केला की तिन्ही वेळा ५५ उरतात. ते बाहेरच्या रिंगचे दात. रिंग तीच ठेवून सन आणि त्याच्याभोवती फिरणारे प्लॅनेट गिअर बदलले आहेत, म्हणून तिन्ही कार्ट्रिज एकमेकींच्या जागी चपखल बसतात. तर ज्याला आपण २०:१ म्हणतो तो प्रत्यक्षात १८.९३, १५:१ म्हणजे १५.१५ आणि १२:१ म्हणजे १०.४८. साठचा तर ५४.८ होतो.

फरक किती पडतो ते एनकोडरवर, म्हणजे मोटरचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर, पाहा. मोटरच्या एनकोडरचे एका फेरीला २८ काउंट. प्रोग्राममध्ये २०×२८ म्हणून ५६० लिहिले, पण चाकाची एक फेरी खरी ५३० काउंटांत पुरी झाली. आता ७५ मिमीच्या चाकाला ३ मीटर पुढे जा म्हटलं तर रोबो ३ मीटर १७ सेंटीमीटर जातो. पहिल्या तीस सेकंदांच्या स्वयंचलित खेळात १७ सेंटीमीटर म्हणजे वस्तू सोडायची जागा चुकलीच. मग मुलं चाक घसरतंय म्हणून चाकाला दोष देतात, बॅटरीला दोष देतात आणि प्रोग्राममध्ये अंदाजाने आकडे कमी-जास्त करत बसतात. प्रोग्राममध्ये दशांश चिन्हातला आकडाही लिहू नका. अपूर्णांकच लिहा, (७६/२१)×(६८/१३)×२८ असा. पुढे कार्ट्रिज बदलली तर तेवढाच एक कंस बदलायचा.

आता मुख्य प्रश्न : १२, १५ की २०? बहुतेक जण वेगाकडे पाहून ठरवतात. आधी पाहायचा तो करंट. फर्स्ट टेक चॅलेंजच्या १२ व्होल्ट बॅटरीवर २० अँपिअरचा फ्यूज असतो, आणि त्या एका फ्यूजमधून चाकांच्या चार मोटरी, लिफ्ट, पंजा, कंट्रोल हब (रोबोचा मेंदू) सगळेच करंट पीत असतात. रोबो भिंतीला किंवा दुसऱ्या रोबोला टेकून ढकलतो तेव्हा दोनच गोष्टी होऊ शकतात : चाक घसरतं, नाहीतर मोटर अडते. चाक घसरलं तर करंट एका मर्यादेत थांबतो. मोटर अडली तर सगळा करंट उष्णता होऊन मोटरच्या पोटात जातो. अडलेल्या एका एचडी हेक्समध्ये शंभरेक वॉट निव्वळ उष्णता होते. दहा-पंधरा सेकंदांत ब्रशचा जळका वास येतो आणि ती मोटर पुन्हा पूर्वीसारखी चालत नाही. तेव्हा चाक आधी घसरलंच पाहिजे, तेही थोडं राखून.

हिशोब असा. १२ किलोचा रोबो, चार मेकॅनम चाकं (कडेला तिरके रोलर असलेली, रोबोला आडवंही नेणारी) ७५ मिमीची, मैदानाच्या मॅटवरचा घर्षणांक ०.८ धरला. वजन ११७.७ न्यूटन, त्याला ०.८ ने गुणलं की ९४ न्यूटन. चार चाकांत वाटले की प्रत्येकी २३.५. त्रिज्या ०.०३७५ मीटर, म्हणजे चाक घसरवायला ०.८८ न्यूटन-मीटर पीळ हवा. प्रत्येक टप्प्यात साधारण दहा टक्के पीळ घासण्यात जातो असं धरलं तर दोन टप्प्यांनंतर ८० टक्के हाती लागतो.

१२:१ ला मोटरचा सगळा पीळ चाकापाशी ०.८८ होतो. म्हणजे घसरायला जेवढा लागतो बरोबर तेवढाच. मोटर अडण्याच्या बिंदूवर आणि चार मोटरी मिळून ३४ अँपिअर. हा रेशो या वजनाला बादच. १५:१ ला उपलब्ध पीळ १.२७, घसरताना प्रत्येक मोटर ५.९ अँपिअर, चार मिळून २३.६. ब्लेड फ्यूज इतक्याला लगेच उडत नाही, पण त्याच क्षणी लिफ्ट वर जात असेल तर उडू शकतो; आणि फ्यूज टिकला तरी व्होल्टेज कोसळून कंट्रोल हब रीस्टार्ट होतो. अडीच मिनिटांच्या सामन्यात तेवढा वेळ गेला की सामना हातचा गेलाच म्हणायचा. २०:१ ला पीळ १.५९, प्रत्येकी ४.७ अँपिअर, एकूण १८.९. फ्यूजच्या आत. काठावर, पण आत.

वेगाचं काय? २०:१ ला चाकाचे ३१७ आरपीएम, मोकळा वेग सेकंदाला १.२५ मीटर, १५:१ ला ३९६ आरपीएम आणि १.५६ मीटर. भार पडल्यावर याचे साधारण ८० टक्के धरा : १ मीटर आणि १.२४ मीटर. मैदान १२ फुटांचं. तीन मीटर जायला कागदावर अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर फरक पडतो. २०:१ जागेवरून लवकर उसळतो, त्यामुळे दोन-दोन फुटांच्या हालचालींत हा फरकही बराचसा बुजतो. सामन्यात रोबो बहुतेक वेळ त्याच छोट्या हालचाली करत असतो. म्हणून ७५ मिमीच्या मेकॅनमला, १२ किलोपर्यंतच्या रोबोला, आमचं मत स्पष्ट २०:१.

ही १२ किलोची अट गांभीर्याने घ्या. तोच रोबो १५ किलोचा झाला की २०:१ लाही २३.६ अँपिअर लागतात. रोबो हंगामभर वाढत जातो : एक ब्रॅकेट, एक जास्तीची मोटर, दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. आंब्याच्या बागेत किंवा मासळी बाजारात वापरतात तो हुकाचा काटा महिन्यातून एकदा मागून आणा आणि वजन लिहून ठेवा. त्याच काट्याने घर्षणांकही मोजता येतो. चारही चाकं झिपटायने चॅसिसला बांधा, रोबो मॅटवर ठेवा, काटा आडवा धरून सावकाश ओढा. रोबो सरकताना काट्यावर जो आकडा दिसेल त्याला रोबोच्या वजनाने भागा. १२ किलोचा रोबो ९.६ ला सरकला तर ०.८. पुस्तकातला आकडा घेण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम करा.

आणि हे काम स्वच्छ मॅटवर करा. आपल्याकडे शाळेचं आवार जांभ्याचं. मुलांच्या चपलांबरोबर ती लाल भुकटी मॅटवर येते आणि रोलरच्या रबरात बसते. चाक लवकर घसरतं, करंट कमी दिसतो, सगळं आलबेल वाटतं. स्पर्धेच्या ठिकाणी नव्या कोऱ्या मॅटवर चाक पकडतं आणि सरावात १७ अँपिअर ओढणारा रोबो तिथे २२ ओढतो. मॅट ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून मगच मोजणी करावी. शहाबादी फरशीवरचा सराव चालवण्याच्या हाताला चांगला; रेशो ठरवायला मात्र निरुपयोगी.

मेकॅनमऐवजी ९० मिमीची साधी रबरी चाकं लावली तर हिशोब पूर्ण बदलतो. पकड जास्त, त्रिज्या मोठी. घर्षणांक १ धरला तर २०:१ लाही घसरताना २८ अँपिअर होतात. तिथे ५:१ वर आणखी एक ५:१ हवी, खरा रेशो २७.३६, म्हणजे साधारण १९.६ अँपिअर. एका कीटमध्ये ५:१ एकच असते, तेव्हा जास्तीच्या कार्ट्रिज आधीच मागवाव्या लागतात.

जोडणी सोपी आहे, पण तीन ठिकाणी हमखास चुकते. पहिलं, कार्ट्रिजचा क्रम. मोठा रेशो मोटरच्या बाजूला, लहान रेशो बाहेर. २०:१ करताना ५:१ मोटरला लागून आणि ४:१ शाफ्टच्या बाजूला. उलटं लावलं तरी रेशो तोच निघतो आणि रोबो चालतोही, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण ५:१ चा सन गिअर सगळ्यांत बारीक, १३ दातांचा. मोटरजवळ पीळ कमी असतो तिथेच त्याची जागा. बाहेरच्या टप्प्यावर पीळ अनेक पटींनी वाढलेला असतो. तो त्या बारीक दातांवर टाकला की झीज तिथूनच सुरू होते.

दुसरं, मोटरची पिनियन पहिल्या कार्ट्रिजमध्ये बसवणं. ती सहज आत गेली नाही की मुलं तळहाताने दाबतात. दाबायचं नाही. मोटर हलकी टेकवून आउटपुट बोटाने सावकाश फिरवायचं. दात समोरासमोर आले की ती आपोआप आत सरकते. दाबून बसवलेल्या पिनियनकडे भिंगातून पाहिलं तर दाताच्या टोकाच्या कडेला मोहरीच्या निम्म्याएवढा चकाकता ठिपका दिसतो, धातू किंचित दुमडलेला. एवढ्याशा ठिपक्याने प्रत्येक फेरीला एक टिक असा आवाज येतो आणि थोड्या दिवसांत ग्रीस राखाडी होतं. तो राखाडी रंग म्हणजे धातूची भुकटी, आणि ती इतर दातांनाही घासते. असा आवाज ऐकू आला की त्याच दिवशी खोलून, पुसून, नवं ग्रीस घालावं. मोटर बदलता आली तर फारच चांगलं.

तिसरं, स्क्रू. टप्पे वाढले की एम३ चा स्क्रू लांब लागतो. लांबी चुकून जास्त झाली तर स्क्रू तळाला टेकतो आणि हाताला घट्ट लागतो, पण कार्ट्रिजांमध्ये केसाएवढी फट राहते. ग्रीस तिथून पाझरतं. कमी लांबीचा दोन आट्यांवरच धरतो आणि पहिल्या टकरीत निघतो. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येकी थोडे थोडे आवळायचे आणि मध्येमध्ये आउटपुट हाताने फिरवून पाहायचं. एकदम जड लागलं तर शेवटचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा.

ग्रीस दर कार्ट्रिजला मुगाच्या दाण्याएवढं पुरतं. भरभरून घातलं की ते घुसळत राहतं, गिअरबॉक्स उगाच तापतो आणि ग्रीस बाहेर पडून चाकापर्यंत येतं. पांढरं लिथियम ग्रीस चांगलं. ट्रकच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस नको, आणि गंज काढायचा स्प्रे तर अजिबात नको. तो वंगण धुऊन काढतो. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेलही घालू नये. ते थंडीत थिजतं.

जोडून झाल्यावर दोन चाचण्या. आउटपुटच्या षटकोनात ३०० मिमीची पट्टी घट्ट बसवा, मोटर धरून ठेवा आणि पट्टीचं टोक किती हलतं ते मोजा. ५ मिमी हललं म्हणजे साधारण एक अंशाचा खेळ. चारही गिअरबॉक्सांचा खेळ एकमेकांशी जुळतो का हे महत्त्वाचं. एखादाच दुप्पट हलत असेल तर तो आधी तपासा. मग प्रत्येक गिअरबॉक्स निम्म्या पॉवरवर, बिनभाराचा, दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवा आणि करंट लिहून ठेवा. चौघांत एकाचा आकडा ठळक वर असेल तर तिथे काहीतरी अडकतंय : स्क्रू तिरका, शाफ्टवर ताण किंवा ब्रॅकेट वाकलेला.

इथवर झाली जमेची बाजू. आता खटकणारी. अल्ट्राप्लॅनेटरीचं आउटपुट ५ मिमीच्या षटकोनी शाफ्टसाठी आहे, आणि ही त्याची खरी मर्यादा. चाक थेट गिअरबॉक्सच्या तोंडावर लटकवलं आणि रोबो कडेने भिंतीवर आपटला की तो बारीक शाफ्ट वाकतो. वाकलेल्या शाफ्टवरचं चाक फिरताना डोलतं. गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग त्या डोलण्याने ढिलं होतं. उपाय एकच : शाफ्टला दोन्ही बाजूंनी आधार. चाकाच्या बाहेरच्या बाजूलाही प्लेट आणि बेअरिंग. त्याने प्रत्येक बाजूला काही मिलीमीटर जागा जाते, आणि १८ इंचांच्या चौकोनात ती जागा जाणवते, पण द्यावीच लागते. चाक नुसतं लटकवायचं असं डिझाइनच पक्कं असेल तर हा गिअरबॉक्स घेऊ नका.

तिथे गोबिल्डा कंपनीची यलो जॅकेट ही गिअरबॉक्ससकट येणारी मोटर, ५२०३ मालिका, पुढे जाते. तिचा शाफ्ट ८ मिमीचा, गोल केलेल्या कडांचा षटकोन, ज्याला रेक्स म्हणतात. ५ मिमीच्या षटकोनापेक्षा तो अडीच-तीन पट पीळ सहज सोसतो आणि आपटण्याला दाद देत नाही. चाकांसाठी दोन रेशो विचारात घेण्याजोगे : १९.२:१ चे ३१२ आरपीएम आणि १३.७:१ चे ४३५. कंपनीने दिलेला अडकल्यावरचा पीळ अनुक्रमे २४.३ आणि १८.७ किलो-सेंटीमीटर, करंट ९.२ अँपिअर. तोच १२ किलोचा रोबो, ९६ मिमीच्या मेकॅनम चाकांवर : ३१२ ची मोटर घसरताना प्रत्येकी ४.४ अँपिअर, एकूण साडेसतरा. ४३५ ची एकूण पावणेतेवीस. मोकळा वेग १.५७ आणि २.१९ मीटर. म्हणजे ३१२ ची यलो जॅकेट २०:१ च्या अल्ट्राप्लॅनेटरीपेक्षा वेगवान असूनही कमी करंट घेते. अल्ट्राप्लॅनेटरीच्या हिशोबात ८० टक्क्यांचं गृहीतक आपलं आहे आणि इकडचा आकडा कंपनीचा, तेव्हा दोन्हींची दशांशापर्यंत तुलना करू नये; पण कल स्पष्ट आहे. एनकोडरचं गणितही स्वच्छ : ३१२ ला एका फेरीचे ५३७.७ काउंट, ४३५ ला ३८४.५, हे छापूनच येतं.

मग झुकतं माप अल्ट्राप्लॅनेटरीला का? कारण यलो जॅकेटचा रेशो घेतानाच ठरतो. ४३५ च्या चार मागवल्या आणि रोबो १४ किलोचा झाला की पुन्हा मागवणं, पुन्हा कस्टम, पुन्हा वाट पाहणं. नाहीतर मुंबईहून येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या बॅगेची आशा. अल्ट्राप्लॅनेटरीत चार गिअरबॉक्स खोलून ३:१ काढून ४:१ घालायला सरावलेल्या दोन मुलांना एक दुपार लागते. पहिल्या-दुसऱ्या हंगामातल्या संघाला आपला रोबो किती जड होणार याचा अंदाजच नसतो. त्याला ही एक दुपार फार मोलाची आहे. ज्या संघाला आपलं वजन आणि आपली खेळण्याची तऱ्हा पक्की ठाऊक आहे, त्याने मात्र बिनधास्त ३१२ ची यलो जॅकेट घ्यावी. पहिल्याच वर्षी ४३५ घेऊ नये, वेगाचा मोह कितीही झाला तरी.

तिसरा पर्याय म्हणजे भारतात सगळीकडे मिळणारी, जॉन्सन मोटर या नावाने विकली जाणारी ३७ मिमीची साइड शाफ्टवाली गिअर मोटर. १२ व्होल्ट, ६ मिमी डी-शाफ्ट (एक बाजू सपाट असलेला), काही शे रुपयांत. फर्स्ट टेक चॅलेंजला ही चालत नाही. तिथे ठरावीक मोटरींची यादी आहे आणि त्याबाहेरची मोटर तपासणीतच बाद होते. एचडी हेक्स आणि यलो जॅकेट त्या यादीत आहेत. पण अटल टिंकरिंग लॅबच्या मुलांना, लाइन फॉलोअरला, कॉलेजच्या छोट्या स्पर्धांना आणि सरावाच्या रोबोला ती अगदी योग्य. तीन-चार किलोपर्यंत बिनतक्रार. त्यावर नको : आतले गिअर साधे, एकावेळी एकच दात भार घेतो, तर प्लॅनेटरीत तो अनेक प्लॅनेटांत वाटला जातो, आणि स्वस्त मोटरींत शाफ्ट बहुधा बुशवर फिरतो, बेअरिंगवर नव्हे. या मोटरीचं मरण बहुतेक वेळा एकाच कारणाने होतं : बसवायचा एम३ चा स्क्रू लांब घेतला जातो. पुढच्या प्लेटच्या आत ३ मिमीपेक्षा जास्त स्क्रू गेला तर तो थेट गिअरला लागतो आणि पहिल्याच फेरीत दात तुटतो. ब्रॅकेटची जाडी अधिक ३ मिमी, एवढाच स्क्रू.

तिचा एक मोठा गुण किनाऱ्यावर कामी येतो. ६ मिमी डी-शाफ्टचा हब (चाक शाफ्टला जोडणारा तुकडा) मिरजोळे किंवा लोटे एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला करून देतो : ६ मिमीचं भोक रीमरने पुरं करायचं, बाजूने एम४ चा टॅप मारायचा, ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर टेकवायचा. ५ मिमी षटकोनी भोकाला ब्रोच (भोकाला कोन पाडणारं हत्यार) लागतो आणि तो गावच्या वर्कशॉपमध्ये सहसा नसतो. रेक्सचं तर नावच काढू नका. म्हणून रेव्ह किंवा गोबिल्डा घेणाऱ्यांनी हब नेहमी दोन जास्तीचे मागवावेत. मोटर मिळून हब नसला तरी रोबो उभाच.

डीडी रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेकडे वळलेल्या इंजिनिअरिंगच्या संघांचं गणित वेगळं आहे. तिथे २४ व्होल्ट चालतात, रोबो जड असतो आणि डीजेआयची एम३५०८ ही १९.२:१ गिअरबॉक्स आणि ब्रशलेस मोटर एकत्र असलेली वस्तू चाकांसाठी फार चांगली आहे : ३ न्यूटन-मीटर भारावर ४६९ आरपीएम, वजन ३६५ ग्रॅम. तिला सी६२० कंट्रोलर आणि त्याला हुकूम पाठवणारी कॅन बस ही जोडणी लागते. ती शिकायला वेळ द्यावा लागतो. शाळेच्या संघाने या वाटेला जाऊ नये.

शेवटी खाऱ्या हवेचं. जून ते सप्टेंबर इथे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि लॅबच्या खिडकीतून समुद्राची हवा वर्षभर येते. काळे हाय-टेन्साइल एम३ स्क्रू एका पावसाळ्यात लाल होतात आणि डिसेंबरात अॅलन की फिरवली की डोक्यातली खाच गोल होऊन बसते. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावूनच बसवा. स्टेनलेस स्क्रू थेट ॲल्युमिनियममध्ये घातला तर मिठाच्या ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून आट्या धरून बसतात, तिथेही ग्रीस. मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं सांभाळणारे मेकॅनिक वर्षानुवर्षं हेच करतात, आणि अडकलेला स्क्रू न मोडता काढण्याची त्यांची हातोटी एकदा मुलांना जवळून दाखवावी.

मे ते ऑगस्ट गिअरबॉक्स रोबोवर ठेवू नका. काढा, पुसा, कार्ट्रिजमध्ये ताजं ग्रीस घाला आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळं करून घ्यायचं. महिन्यातून एकदा प्रत्येक आउटपुट हाताने दहा फेरे फिरवायचं, म्हणजे ग्रीस एकाच बाजूला बसत नाही.

खरेदीचा आकडा : चार चाकांच्या रोबोला अल्ट्राप्लॅनेटरीची कीट पाच. पाचवी पूर्ण जोडून, चालवून, राखीव म्हणून बाजूला. शिवाय ५:१ ची एक कार्ट्रिज, हब दोन, एम३ स्क्रू प्रत्येक लांबीचे वीस, आणि २० अँपिअरचे ब्लेड फ्यूज दहा. ते तर रत्नागिरीच्या कुठल्याही गाडीच्या पार्टच्या दुकानात मिळतात.

आणि प्रत्येक गिअरबॉक्स बंद करताना त्याच्या पाठीवर पक्क्या मार्करने रेशो लिहा. बंद झाल्यावर १५ चा आणि २० चा ओळखू येत नाही, आणि घाईत एका कोपऱ्यावर १५ लागला की रोबो सरळ जायचं सोडून हळूहळू एका बाजूला वळत राहतो. मुलं तासन्‌तास प्रोग्राम तपासतात. नावाचा रेशो नको, खरा लिहा : १८.९३.